एक खांब पळायचं, दोन खांब चालायचं

मला टीबी झाला होता.

हे वाक्य आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात अडणार नाही. आपल्याकडं हा शब्द कुणी तोंडानं घेत नाही. "छातीचं" म्हणतात, "तसलं" म्हणतात, नाहीतर नुसती छातीकडं खूण करतात आणि आवाज खाली आणतात. मी आवाज खाली आणणार नाही. माझं नाव वनिता. मला टीबी झाला होता आणि आता तो बरा झालाय. ज्यांना लांब सरकून बसायचं असेल त्यांनी आत्ताच सरकून घ्यावं.

जे जागचे हलले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितेय. दवाखान्याचं काम बघणाऱ्या आमच्या आशाताई म्हणाल्या, "दर महिन्याला नवीन पेशंट येतात आन् तोंडाला पदर लावून भिंतीकडं बघत बसतात. तू बोलतीस तसं लिहून दे, मी वाचून दाखवते." माझी शाळा सातवीत सुटली. त्यानंतर लिहिणं म्हणजे डेअरीतल्या क्रेटवर खडूनं आकडे टाकणं. वहीची पानं फाडून फाडून हे पाचव्यांदा लिहितेय. चुकलं तर आशाताईंनी वाचताना दुरुस्त करावं, पण टीबी हा शब्द गाळू नये.

दुधासारखी पांढरी बाजू

आम्ही मूळचे हिंगोली जिल्ह्यातले. सहा वर्षांपूर्वी कामासाठी इकडं आलो. माझे मालक, गजानन, टेम्पो चालवतात. मी बारामती एमआयडीसीत एका डेअरीत दुधाच्या पिशव्या क्रेटमध्ये भरायला होते. खोली सणसरला, तात्यांच्या गोठ्याला लागून. तात्यांनी पंच्याहत्तरी ओलांडलीय. त्यांची उमर मेंढरांबरोबर गेली. आता मुलगा ऊस लावतो आणि तात्या ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करतात. आमची एकुलती लेक श्रावणी तेव्हा पाच वर्षांची होती.

त्या पावसाळ्याच्या शेवटी मला रोज संध्याकाळी कणकण यायला लागली. उजव्या बरगडीत श्वास घेताना सुई टोचल्यासारखं व्हायचं. मी म्हटलं, क्रेट उचलून भरून आलंय. बाम चोळला, ओढणी आवळून बांधली आणि कामावर गेले. दीड महिना मी हे लपवलं. मालकांपासून, सुपरवायझर मॅडमपासून, स्वतःपासूनही. कारण एकच, भीती. माणूस आपल्या गावापासून लांब असला की आजारी पडायलाही घाबरतो. दिवाळी झाली आणि एक दिवस डेअरीच्या जिन्याच्या सहाव्या पायरीवर मी खाली बसले. तिथून मला उठता येईना. सोबतच्या बायकांनी रिक्षात घालून बारामतीच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टर मॅडम माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी माझ्या छातीचा फोटो खिडकीकडं धरला. डावी बाजू काळी होती. उजवी बाजू निम्म्यापर्यंत पांढरी, दूध सांडल्यासारखी. "पाणी झालंय," त्या म्हणाल्या. मला पाठमोरं बसवून दोन बरगड्यांच्या मधून सुईनं ते पाणी काढलं. हरभऱ्याची डाळ भिजवलेल्या पाण्यासारखा त्याचा रंग. दोन दिवसांनी रिपोर्ट आला.

"टीबी आहे. सहा महिने गोळ्या घ्यायच्या, एकही दिवस चुकवायचा नाही. पूर्ण बरा होतो."

त्यातले पहिले दोनच शब्द मला ऐकू आले. मी विचारलं, "माझ्या लेकराला?"

"तुमचा टीबी छातीच्या पडद्यात आहे, थुंकीत जंतू नाहीत. मुलीला खुशाल जवळ घ्या. तरी घरातल्या सगळ्यांना तपासून घेऊ."

तपासलं. श्रावणीला काही नव्हतं. तिच्या तपासणीचा कागद मी आजपर्यंत जपून ठेवलाय.

नऊ दिवस

मी वॉर्डात नऊ दिवस होते. सकाळी सहाला सिस्टर थर्मामीटर घेऊन यायच्या, सातला चहा, मग गोळ्या, मग डॉक्टरांचा फेरा, आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत नुसता पंखा बघायचा. गोळ्या सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी लघवी केशरी झाली. मी रक्त समजून ओरडत बाहेर आले. सिस्टर हसून म्हणाल्या, "आगं बाई, गोळीचा रंग हाय तो! कुणी सांगितलं न्हाय का? जा, झोप निवांत." मला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणून मी तुम्हाला सांगते. केशरी होते. घाबरू नका.

शेजारच्या खाटेवर शेळगावची एक आजी होती. तिला माझा आजार कळल्यावर मी वाट बघत होते, आता ही खाट बदलून मागणार. ती उठली, पिशवीतून फणी काढली आणि माझ्या पाठीशी येऊन बसली. "केस किती गुतलेत गं तुझे," म्हणाली आणि वेणी घालायला लागली. रोज घातली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं, त्याची चुटपुट अजून आहे.

चौथ्या दिवशी हिंगोलीहून सासूबाई आल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. त्या वॉर्डात आल्या नाहीत. नाकाला पदर लावून दारात उभ्या राहिल्या, माझ्याकडं बघितलं आणि गेल्या. पाचव्या दिवशी त्या श्रावणीला घेऊन गावी निघून गेल्या. मला विचारलं नाही. मालक दवाखान्यात आले तेव्हा मी विचारलं, "तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बरंच झालं. तुला आराम मिळेल," ते म्हणाले आणि डब्याचं झाकण उघडत बसले.

मी घरी आले तर तिचे कपडे, पाटी, बाहुली सगळं गेलं होतं. खाटेखाली एका पायाचा मोजा तेवढा राहिला होता.

तीन पायऱ्या

श्रावणीला जूनमध्ये पहिलीत घालायचं होतं. आत्याबाई फोनवर म्हणायच्या, "राहू दे माझ्यापाशी साल-दोन साल. इथंच शाळेत टाकते." मला समजत होतं, तिथं एकदा शाळेत नाव पडलं की लेकरू गेलं. मग साल-दोन सालाची चार सालं होतात. माझ्या हातात जूनपर्यंतचा वेळ होता.

एके दिवशी मी गोठ्यापाशी भांडी घासत होते आणि फोन वाजला. धावत तीन पायऱ्या चढून फोन घेतला. तीनच पायऱ्या. पण तोंडातून शब्द फुटेना, नुसत्या धापा. आत्याबाई थोडा वेळ ऐकत राहिल्या.

"ऐकू यायलं मला," त्या म्हणाल्या. "लोहाराचा भाता हालावा तशी हालायलीस. लेकरू कसं सांभाळशील, माय? काहून हट्ट करतीस?"

त्यांनी फोन ठेवला. मी तिथंच बसले. मला राग आला होता, आणि खरं सांगते, त्या आजारात मला तो राग फार उपयोगी पडला. रडून माझी भूक जायची. राग आला की मी दोन भाकरी खायचे.

तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला मी डॉक्टर मॅडमना विचारलं, "मॅडम, मी पळू का?"

त्या आधी हसल्या. मग माझं तोंड बघून हसायच्या थांबल्या. छाती तपासली, वजन बघितलं. "आधी पंधरा दिवस नुसतं चाला. मग थोडं थोडं पळा. दम लागला तर चालायचं. छातीत दुखलं, ताप आला तर बंद करून इकडं यायचं. गोळ्या आणि जेवण चुकवून काही करायचं नाही."

पंधरा दिवस मी कालव्याच्या रस्त्यानं चालले. सोळाव्या दिवशी पळाले.

भरतीची चाल

आमच्या भागात उजाडताना कालव्याच्या रस्त्यानं पळणारा प्रत्येक जण भरतीचा असतो. पोलीस भरती नाहीतर लष्कर. पोरं-पोरी घड्याळ लावून सुटतात, जीव तोडून पळतात. त्यामुळं मला वाटायचं पळणं म्हणजे तसंच. हळू पळता येतं हे मला कुणी दाखवलंच नव्हतं, कारण इकडं हळू पळणारं माणूसच नाही. हळू पळून कुठली भरती होणार?

तर मी मालकांचे जुने बूट घातले, पुढं चिंध्या कोंबल्या, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधली आणि शिट्टी झाल्यासारखी सुटले. लाईटच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंतही पोचले नाही. डोळ्यांपुढं अंधारी आली, खोकल्याची उबळ आली. मी कालव्याच्या कडेला बसून ओंजळीत थुंकले आणि त्यात रक्त आहे का बघत राहिले. नव्हतं. तरी परत परत बघितलं.

भरतीच्या दोन पोरी मागून आल्या आणि थांबल्या.

"काकू, वॉर्मअप न्हाय केला का?"

दुसरी म्हणाली, "काकूंचं भरतीचं वय गेलं की गं."

"तुझं जाऊ नये म्हणून पळ तू," मी म्हटलं. त्या हसत सुटल्या. पोरी वाईट नव्हत्या. पण मी परत येताना ठरवलं होतं की हे आपलं काम नाही.

ओट्यावर तात्या बसले होते. त्यांना तिथून कालव्याचा रस्ता सगळा दिसतो.

"काय गं पोरी, कुठं आग लागली हुती का?"

"नाही तात्या. पळत होते."

"ते पळणं व्हय? मला वाटलं कुत्रं मागं लागलं." मग त्यांनी मला खाली बसायला लावलं. "आमी दिवाळी झाली की मेंढरं घिऊन कोकणात उतरायचो. शंभर कोसाची वाट. दुखण्यातनं उठलेली मेंढी आसायची कळपात एखादी. तिला पुढं घातली तर पळून मरायची. माघारी ठेवली तर बसून मरायची. मग तिच्यासाठी सगळ्या कळपाची चाल बांधायची. कशी, म्हाईत हाय?"

"कशी?"

"पळता पळता हाळी देता आली पायजे. हाळी तुटली की समजायचं चाल चुकली. लगेच चालीवर यायचं. आन् दम परत आला की पुन्यांदा."

"पण तात्या, मी कुणाला हाळी देऊ? माझी मेंढरं कुठायत?"

"मेंढरं नसू द्यात. कुणाला बोलवायचं आसंल त्याला बोलीव."

कालव्यावरची शेळी

दुसऱ्या दिवसापासून तात्यांचा नियम लावला. एक खांब पळायचं, दोन खांब चालायचं. पळायचा खांब संपता संपता हाळी द्यायची. हाळी एकच होती माझ्याकडं.

पहिल्या दिवशी "श्रा" एवढंच निघालं. पुढचं छातीतच राहिलं. म्हणजे चाल चुकली. आणखी हळू केली. आणखी हळू. इतकी हळू की खुरपायला निघालेल्या दोन म्हाताऱ्या मला चालत ओलांडून गेल्या. तेव्हा कुठं "श्रावणी" पूर्ण निघालं, पण शेपूट तुटकं. दोन्ही बाजूंनी पुरुषभर ऊस, आवाज त्यात जायचा आणि परत यायचा नाही.

मालकांना हे आवडलं नाही. "लोक हासायले," ते म्हणाले. "बाईमाणूस, आजारातून उठलेली, रस्त्यानं पळत लेकराच्या नावानं ओरडते. डोक्यावर परिणाम झाला म्हणतील."

मी भाकरी थापत होते. तवा खाली उतरवला. "तुमची आई लेकरू घेऊन गेली तेव्हा तुम्ही बोलला नाहीत. आता मी पळतेय, तर इथंही बोलू नका."

ते उठून बाहेर गेले. आठ दिवस आमचं बोलणं मीठ-पाण्यापुरतं होतं. नवव्या दिवशी खाटेवर नवे बूट होते, माझ्या मापाचे. माझं माप त्यांनी कधी घेतलं मला ठाऊक नाही. बूट घातले आणि पळायला गेले.

लोक हसले, हे खरं. फाट्यापाशी रोज पाणी धरायला येणारा एक माणूस होता. पंधरा दिवस त्यानं माझ्या हाका ऐकल्या आणि मग न राहवून विचारलं, "वैनी, घावली का न्हाय तुमची शेळी?"

"कुठली शेळी?"

"आवं, रोज हाका मारताय की. श्रावणी, श्रावणी. लांडग्यानं नेली आसंल आता, सोडा नाद."

मी हसायला लागले. इतकी हसले की बरगडी दुखली, आणि लगेच भीती वाटली की पुन्हा पाणी झालं का काय. तेव्हा माझं असंच होतं. हसले तरी भ्यायचे. मी त्याला म्हटलं, "शेळी नाही हो, लेक हाय माझी. गावाकडं हाय."

त्यानं खोरं खाली टेकवलं. त्यानंतर मी हाक मारली की तो उसातून, दिसत नसला तरी, ओरडायचा, "येती ओऽऽ!"

सोपं कधी होतं

नवीन पेशंट हेच विचारतात, म्हणून जसं झालं तसं सांगते. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तरच हे वाचून उठा, नाहीतर बसून राहा.

पहिला आठवडा पोटऱ्यांचा. जिने उतरताना भिंत धरायला लागते. दुसरा आठवडा पहिल्यापेक्षा वाईट गेला, आणि याची कल्पना मला कुणी दिली नव्हती. मला वाटलं होतं रोज थोडं थोडं सोपं होईल, शिडी चढल्यासारखं. तसं होत नाही. काल जमलेला खांब आज जमत नाही. मी त्या आठवड्यात दोनदा बूट सोडून कोपऱ्यात टाकले.

तिसऱ्या आठवड्यात काहीच झालं नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही.

मग एक दिवस पळताना माझ्या मनात आलं, घरातल्या दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं का? ठेवलं असेल. नसेल तर मांजर तोंड घालणार. कालच त्यानं घातलं होतं. असं करता करता बघते तर मी दोन खांब ओलांडून तिसऱ्याला आले होते. पळत. मला कळलंच नाही. सोपं झालं ते असं झालं, माझं लक्ष नसताना. सोपं झालं का, झालं का, म्हणून मी रोज तपासत होते तोवर ते झालं नाही. (पातेल्यावर झाकण नव्हतं. मांजरानं दूध प्यायलं.)

दुसरी गोष्ट दमाची. मला दमाचीच भीती होती, कारण आजारात दम लागायचा. पळताना दम लागला की छातीत धडधडायचं आणि वाटायचं, आलं परत. पण आजाराचा दम बसलं तरी जात नव्हता, पडलं तरी जात नव्हता. पळण्याचा दम चालायला लागलं की दुसऱ्या खांबापर्यंत निम्मा होतो. मी हे रोज तपासलं. रोज तो निम्मा झाला. असं पन्नासेक वेळा झाल्यावर मी भ्यायचं सोडलं. दम अजूनही लागतो. लागू दे. तो माझाच आहे, येतो आणि जातो.

गोळ्यांच्या पाचव्या महिन्यात ताप आला. मी लगेच पळणं बंद करून दवाखान्यात गेले. साधा ताप होता, पण आठ दिवस गेले. नवव्या दिवशी पुन्हा उतरले तर पहिल्याच खांबाला पाय शिशाचे. रडले. तात्यांना म्हटलं, "सगळं गेलं, तात्या. पुन्हा पहिल्यापासून."

"कुठं जातंय? पायाला आठवण आसती," तात्या म्हणाले आणि तंबाखू मळत बसले. चौथ्या दिवशी मी होते तिथं परत आले. दीड-दोन महिन्यांचं काम आठ दिवसांत पुसलं जात नाही.

ऊसतोड संपली, रस्ता मोकळा झाला, ऊन वाढलं. आता दोन खांब पळायचं, एक चालायचं. मग चार पळायचे. मी कामावर परत गेले तेव्हा सुपरवायझर मॅडमनी मला क्रेटऐवजी पिशव्यांवरच्या तारखा बघायचं बसून करायचं काम दिलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. मे महिन्यात एका सकाळी घरापासून कालव्याच्या पुलापर्यंत न चालता गेले. पुलावर कुणी नव्हतं. हाक मारली. पूर्ण निघाली, शेवटचं अक्षर लांबवून निघाली.

महिनाअखेरीस शेवटची गोळी संपली. नवा फोटो काढला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "एकदम छान. खाली एक छोटा डाग राहील, त्याचं काही मनावर घेऊ नका."

"राहू दे मॅडम," मी म्हटलं. "कष्टाचा हाय."

ताट

त्याच दिवशी फोन केला. आत्याबाई म्हणाल्या, "मी शाळेत बोलून आलेय. सोमवारी नाव घालते."

मालक म्हणाले, "या वर्षी राहू दे. पुढच्या वर्षी आणू."

"मी उद्याच्या गाडीनं निघतेय," मी म्हटलं. "यायचं तर या."

ते आले.

दारात गेलो तर श्रावणी आजीच्या पाठीमागं लपली. केस वाढले होते, पुढचा एक दात पडला होता. मला बघून तिनं आजीचं लुगडं घट्ट धरलं. मी पुढं गेले नाही. सहा महिने माझ्यासाठी मोठे होते, तिच्यासाठी तर त्याहून मोठे.

जेवायला बसलो. मालकांना स्टीलचं ताट आलं, श्रावणीला ताटली आली. माझ्यापुढं आत्याबाईंनी कागदाची पत्रावळ ठेवली. पाण्याचा पेलाही कागदाचा. शेजारच्या दोघी ओसरीत बसून बघत होत्या.

मला भीती वाटत होती. मी काही शूर बाई नाही. पण मी उठले, मांडणीवरून एक ताट काढलं, परत येऊन बसले आणि स्वतःच्या हातानं वाढून घेतलं. पिशवीतून डॉक्टरांचा कागद काढून ताटाशेजारी ठेवला.

"आत्याबाई, मला टीबी झाला होता. आता नाही. कागद हा आहे, फोटो पिशवीत आहे. पाहिजे तर गावात फिरवा. पण माझं लेकरू मी उद्या घेऊन जाणार, आणि जेवणार ते ताटात."

ओसरीतल्या दोघींपैकी एक उठून गेली. दुसरी मात्र बसून राहिली.

आत्याबाईंनी मालकांकडं बघितलं. ते खाली मान घालून बसले होते. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. मग त्यांनी आपलं ताट बाजूला केलं, माझ्या ताटात हात घातला आणि घास मोडला. "भाजी वाढ, आई," ते म्हणाले. "दोघांना पुरंल एवढी वाढ."

आत्याबाई पळी हातात धरून उभ्याच. मग त्यांचं तोंड वाकडं झालं. "माझी धाकटी बहीण याच्यातच गेली," त्या म्हणाल्या. "आम्ही एका वाकळंत निजत होतो. तव्हा गोळ्या कुठं होत्या? मी पाहिलंय बाई ते. म्हणून नेलं लेकरू. तुझ्या वैरानं नाही नेलं."

लग्नानंतरच्या आठ वर्षांत त्यांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी सरकून त्यांना बसायला जागा केली. त्या बसल्या नाहीत, पण भाजी वाढली. कोरड्यास वाढलं. श्रावणीची पिशवी त्यांनीच भरली, आणि तिथल्या शाळेत नाव घालायचं राहू दिलं.

माझ्या मनातला राग त्या दिवशी सगळा गेला असं नाही. निम्मा गेला.

आता

श्रावणी सणसरच्या शाळेत जाते. पहिले आठ-दहा दिवस ती मला आई म्हणाली नाही. पाणी हवं असलं तरी बापाकडं मागायची. झोपताना भिंतीकडं तोंड करायची. मी तिला ओढून जवळ घेतलं नाही. भाकरी दिली, वेणी घातली, जेवढी जवळ आली तेवढीच घेतली. पळण्यानं मला एवढं शिकवलंय.

आशाताई विचारतात, आता तर बरी झालीस, अजून कशाला पळतेस? सहा महिने लोक मला सांगत होते, बस, झोप, जपून, नको. आता सकाळी अर्धा तास मला कुणी काही सांगत नाही.

परवा उजाडायच्या वेळी मी दारात बसून बुटाच्या नाड्या बांधत होते. श्रावणी उठून आली. डोळे चोळत बराच वेळ माझ्या बुटांकडं बघत राहिली.

"कुठं चाललीस, आई?"

मी नाडी तशीच हातात धरली. "पळायला."

तिनं दाराबाहेर डोकं काढून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नीट बघून घेतलं.

"कोण लागलंय तुह्या मागं?"

"आता कुणी नाही," मी म्हटलं, आणि नाडी घट्ट ओढली.